एक रायफल, दोन नळ्या आणि दोनदा पंचेचाळीस दिवस

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि त्याच आठवड्यात वाशीला राहणाऱ्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, मला फोन करून विचारले की वयोमानामुळे त्यांची रायफल आता पडून आहे, तर मी ती घेईन का. पदकाच्या उत्साहात मी किंमत न विचारताच होकार दिला. रायफल चेक बनावटीची, सीझेड ४५५. तिला दोन नळ्या, एक .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसाची आणि दुसरी .१७ एचएमआर नावाच्या काडतुसाची; हे आकडे म्हणजे कॅलिबर, नळीच्या आतला इंचातला अंदाजे व्यास. दोन्ही काडतुसे रिमफायर, म्हणजे चाप ओढल्यावर पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मधोमध नसते, तर कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते. मात्र .२२ ची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाणारी, तर २००२ मध्ये आलेल्या .१७ ची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची, पण दुपटीहून अधिक वेगाची. दोन स्क्रू सैल केले की नळी निघते, दुसरी बसवायची आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, बदलायचे. एवढे सोपे काम पाहून कागदपत्रेही तितकीच सोपी असतील, असे मी गृहीत धरले.

ठाण्यातील माझ्या परवान्यावर वडिलांकडून आलेली बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक आधीपासून होती. दुसरे शस्त्र वाढवून घेण्याचा अर्ज, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि घरी येऊन झालेली चौकशी यांत काहीच अडले नाही. परवानाधारकाला स्वतःच्या वापराचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते. मात्र त्याआधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते आणि तिला पंचेचाळीस दिवस पूर्ण व्हावे लागतात. दादांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला सूचना दिली आणि तिची पोच माझ्याकडे पाठवली. तिच्यात लिहिले होते, ‘.२२ रायफल, एक नग’, आणि पुढे रायफलीचा क्रमांक. दुसऱ्या नळीचा उल्लेखच नव्हता, कारण दादांच्या मते ती सुटा भाग होती आणि मलाही तसेच वाटले होते.

पंचेचाळीस दिवस संपता संपता विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शस्त्रांच्या नोंदीचे काम नोव्हेंबरअखेरपर्यंत थंडावले. डिसेंबरमध्ये मी सर्व कागद घेऊन परवाना कार्यालयाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी मी प्रामाणिकपणे काढलेले फोटो पाहिले, दुसऱ्या नळीवरचा वेगळा क्रमांक पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, या दोन बंदुका झाल्या.’’

पुढचे सहा आठवडे मी या एका वाक्याशी झगडत होतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, त्यामुळे भाऊसाहेब सर्वस्वी चुकीचे नव्हते, हे मला मान्य करावेच लागेल. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात. बारा बोअर एक, रायफल दुसरी आणि नुसती नळी तिसरी धरली, तर मला एक तर वडिलांची बंदूक सोडावी लागली असती किंवा हा व्यवहार. मी चार वेळा गेलो. एकदा संबंधित अधिकारी रजेवर होते, एकदा फाइल ‘वर’ गेली होती, एकदा ती वरून खाली आली होती पण सापडत नव्हती, आणि चौथ्या वेळी मला सांगण्यात आले की आपण अर्ज मागे घेतला तर बरे होईल. हा सल्ला ऐकून माझा संयम खरोखरच संपला.

घरी येऊन मी एक पानभर तांत्रिक वर्णन टंकलिखित केले: ॲक्शन (काडतूस भरून झाडणारी मूळ यंत्रणा) एकच, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) एकच, चापयंत्रणा एकच, सुट्या नळीतून गोळी झाडता येत नाही आणि एका वेळी एकच नळी बसते. सोबत दोन्ही क्रमांकांचे फोटो जोडले आणि परवाना नाकारल्यास त्याचे कारण लेखी नोंदवून मागणीनुसार अर्जदाराला द्यावे लागते, ही कलम १४ मधील तरतूद नम्रपणे नमूद केली. आवक शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हललो नाही. त्या पानाचा मला आजही थोडा अभिमान वाटतो, कारण दहाव्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून रायफल एकच धरण्याचे मान्य केले. अट एवढीच होती की दादांनी दुसऱ्या नळीच्या क्रमांकासह नवी सूचना द्यावी. म्हणजे आणखी पंचेचाळीस दिवस.

आधीच सांगायला हवे होते ते आत्ता आठवले: सूचना लिहिण्यापूर्वी रायफल उघडून प्रत्येक भागावर कोरलेला क्रमांक आणि कॅलिबर स्वतः वाचा, कारण विकणाऱ्याच्या जुन्या परवान्यावर ते पूर्ण असतीलच असे नाही. निवडणुका जवळ असतील तर दिवस मोजूनच सूचना द्या.

मार्च २०२५ मध्ये माझ्या परवान्यावर रायफलीची नोंद झाली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘जादा नळी एक’ असे क्रमांकासह लिहिले गेले. वरळीच्या रेंजवर .२२ ची नळी लावून मी पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या झाडल्या. दुसरी नळी बसवली की नेम पुन्हा जुळवावा लागतो, असे दादा सांगतात. ते अजून करून पाहता आलेले नाही, कारण परवान्यातील काडतुसांच्या रकान्यात फक्त .२२ लिहिलेले आहे. ती दुरुस्ती करण्याचा अर्ज मी मागच्या सोमवारी दिला आणि पोच घेतली.