मोत्याचं जेवण

२००८च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. बॅगा अजून जिन्यातच होत्या, तोवर नात हात धरून ओढायला लागली. "आजोबा, माझा कुत्रा बघायला चल." घरात ना वास, ना कुठे केस. कुत्रा कॉम्प्युटरमध्ये होता.

सई तेव्हा सहा वर्षांची. वेबकिन्झ हे गॅन्झ नावाच्या कॅनडातल्या कंपनीचं खेळणं. दुकानातून कापडी कुत्रा आणायचा, त्याच्या चिठ्ठीवरचा गुप्त कोड साइटवर टाकायचा, की तोच कुत्रा पडद्यावर हजर. सईनं त्याचं नाव मोत्या ठेवलं होतं, कारण आमच्या सांगलीच्या मोत्याच्या गोष्टी ती फोनवर ऐकायची. मला जरा रागच आला. आमचा मोत्या शिळ्या भाकरीवर बारा वर्षं जगला, आणि याला भूक, तब्येत, आनंद असे तीन-तीन मीटर!

पण मग किन्झकॅश, म्हणजे त्या खेळातले पैसे, निघाली आणि मी खुर्ची पुढे ओढली. बँकेत ३४ वर्षं काढली आहेत, निम्मी तर कॅश काउंटरवर. सई दर आठ तासांनी नोकरीला जायची: कधी हॅम्बर्गर भाजायचे, कधी बुटांच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळायचं. प्रश्नमंजूषेचे वेगळे पैसे. आणि मिळालेले सगळे बाईसाहेब सोफ्यावर उडवायच्या! घेतलेली वस्तू परत विकायला गेलं, तर दुकान कमी पैसे देतं हे तिच्या गावीही नव्हतं. मी वही घातली. जमा, नावे, शिल्लक. लेक दोन वर्षं तिला अ-आ-इ गिरवायला लावून दमली होती. या पोरीनं आठवड्यात 'शिल्लक' लिहिलं. 'जमा'चा काना मात्र कायम विसरायची. 'जम ४०'.

तेव्हा खातं वर्षभराचं असायचं, पुढे चालू ठेवायचं तर नवीन खेळणं घ्यावं लागायचं. धंदा चोख होता, एवढंच म्हणतो.

नायगाऱ्याहून परतलो तर मोत्या तोंडात थर्मामीटर आणि डोक्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसलेला. सईनं भोकाड पसरलं. हा प्राणी मरत नाही, हे जावयानं दहादा सांगूनही उपयोग नाही. मग डॉक्टर क्वॅककडे. डॉक्टर म्हणजे बदक. आमची ही म्हणाली, "निदान फी तरी विचारा."

निघताना सईनं वहीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड लिहून वही माझ्या हातात दिली. ती शाळेत जाईल तेव्हा सांगलीत संध्याकाळ, म्हणजे दिवसपाळी माझी.

घरी इंटरनेट नव्हतं. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो.

"काका, रिझर्वेशन करायचंय का?" पोरानं विचारलं.

"नाही रे, कुत्र्याला जेवायला घालायचंय."

त्यानं एकदा दाराकडे बघितलं आणि मला तीन नंबरचं मशीन दिलं. पान उघडायलाच दहा मिनिटं गेली. साडेसातला लोडशेडिंग, म्हणून आधी जेवण घातलं, आंघोळ उद्यावर ढकलली, आणि वही काढून 'नावे'च्या रकान्यात आकडा टाकला.