पायऱ्यांवरचे ३४ मिलिमीटर सापडले: दोष स्टाफच्या सांध्यात

टेकडीच्या लूपचा, म्हणजे एका वाटेने वर आणि दुसरीने खाली अशा उंचीच्या मोजणीचा, हिशोब अखेर लागला. मोजणी लेव्हलने (आडवी रेषा दाखवणारी दुर्बीण) आणि स्टाफने (खुणा छापलेली उभी काठी) केली. मागच्या नोंदीतले आकडे पुन्हा देतो. पायथ्याचा टीबीएम (तात्पुरती संदर्भखूण) ते देवळाच्या ओट्यावरचा खिळा हा फरक पायऱ्यांच्या वाटेने ४८.२१३ मीटर आला आणि गाडीरस्त्याने ४८.१७९. लूपची लांबी सुमारे १.८ किलोमीटर. काटेकोर कामासाठी किलोमीटरच्या वर्गमुळाच्या बारा पट मिलिमीटरची तफावत चालते, म्हणजे इथे १६. आपले ३४ त्याच्या दुपटीहून जास्त.

डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की पायऱ्यांनी वर जाऊन पायऱ्यांनीच खाली आलं की लूप ३ मिमीत बंद होतो. लेव्हल बुकाची (वाचनांच्या नोंदवहीची) तपासणीही चोख: बॅकसाइटची (मागच्या बिंदूवरच्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढच्या बिंदूवरच्या वाचनांची) बेरीज आणि शेवटचा आरएल (बिंदूची काढलेली उंची) वजा पहिला आरएल, दोन्ही तंतोतंत सारखे. पण ती तपासणी फक्त बेरीज-वजाबाकीची आहे, मुळात चुकीचं असलेलं वाचन तिला कळत नाही. आणि त्याच वाटेने परत आल्यावर लूप बंद होणं हाही पुरावा नाही. चढताना बॅकसाइट मोठी आणि फोरसाइट लहान असते, उतरताना उलट. मोठ्या वाचनात सतत २ मिमी जास्त येत असतील तर चढ जितका फुगतो तितकाच उतारही फुगतो, आणि लूप सुरेख बंद होतो. उंची मात्र चुकलेलीच राहते.

संशयित चार होते: कोलिमेशन (दुर्बिणीची रेषा नेमकी आडवी नसणं), स्टाफचा कल, तापमान आणि खुद्द स्टाफ.

कोलिमेशन आधी बाद झालं. टू पेग, म्हणजे दोन खुंट्यांच्या चाचणीसाठी खुंट्या एकमेकींपासून ६० मीटरवर, लेव्हल आधी बरोबर मध्ये, मग एका खुंटीपासून ३ मीटरवर. दोन फरकांमधली तफावत २ मिमी. पायऱ्यांवर बॅकसाइट साधारण ६ मीटरवर आणि फोरसाइट ४ मीटरवर पडते. चढावर हे टाळता येत नाही, कारण खालच्या बाजूला स्टाफची जास्त उंची वापरता येते. म्हणजे दर सेटअपला (लेव्हलच्या एका मांडणीला) २ मीटरचा असमतोल, आणि २० सेटअप मिळून जेमतेम दीड मिलिमीटर. इतक्या जवळच्या साइट्समध्ये (लेव्हल ते स्टाफ अंतरांत) पृथ्वीची वक्रता आणि हवेतलं अपवर्तन यांचाही प्रश्न येत नाही.

कलाचा संशय जास्त चिवट होता. स्टाफ कुठल्याही बाजूला कलला तरी वाचन वाढतंच: २.९ मीटरच्या वाचनाला २ अंश कल म्हणजे १.८ मिमी, ०.५ मीटरच्या वाचनाला फक्त ०.३. दर सेटअपला दीड मिलिमीटर, वीस सेटअपचे ३०. आकडा इतका जुळतो की गुन्हेगार हाच असं वाटावं. पण कागदावर मांडलं की कळतं, कल कायम सारखा असेल तर एकूण चूक फक्त उंचीच्या फरकाच्या प्रमाणात येते, सेटअप कितीही लावा. ४८ मीटरला पायऱ्यांवर २९ मिमी, आणि रस्त्यावरही २९ मिमी. मग दोन वाटांत तफावत दिसायलाच नको. अंशांकन (खुणांमधलं अंतर) लांब-आखूड असेल तरी तेच होतं. तरीही स्टाफचा उभेपणा दाखवणारा गोल बबल ओळंब्याने तपासला, तो बरोबर आहे. बबलशिवाय चढावर स्टाफ धरण्यात अर्थ नाही. फार महाग वस्तू नाही, ती लावाच.

म्हणजे चूक अशी हवी जी उंचीवर नाही, तर सेटअपच्या संख्येवर आणि स्टाफचा कोणता भाग वाचला जातो यावर अवलंबून आहे. असं एकच ठिकाण: टेलिस्कोपिक स्टाफचे सांधे.

आपला स्टाफ ४ मीटरचा, ॲल्युमिनियमचा, चार तुकड्यांचा. पहिला सांधा १.०८ मीटरला, दुसरा २.०७ ला. प्रत्येक तुकडा मागच्या स्प्रिंगच्या बटणावर अडकतो. सांध्यावर स्टीलची पट्टी लावून १.०० ते १.२० या खुणांमधलं अंतर मोजलं तर २००.० मिमी. दुसऱ्या सांध्यावरही २००.०. इथेच शोध थांबला असता, आणि बहुतेक जण इथेच थांबतात, कारण स्टाफ टेबलावर आडवा ठेवून मोजला जातो. आडव्या स्टाफमध्ये वरच्या तुकड्यांचं वजन बटणावर येतच नाही.

स्टाफ उभा केला, पूर्ण उघडला, बोटाने हलकेच ठोकला आणि भिंगाखाली तीच पट्टी लावली: पहिल्या सांध्यावर १९९.४, दुसऱ्यावर १९९.०. बटणाची भोकं झिजून लांबट झाली आहेत, वरचा तुकडा खाली बसतो. खुणा खाली सरकल्या की दुर्बिणीच्या रेषेत मोठा आकडा येतो. १.०८ च्या वरचं प्रत्येक वाचन ०.६ मिमी जास्त, २.०७ च्या वरचं १.६ मिमी जास्त. ठोकण्याआधी कधीकधी तुकडा घर्षणानेच वर अडकून राहतो, त्यामुळे मोजमाप दर वेळी वेगळं येतं. म्हणून ठोकणं महत्त्वाचं.

लेव्हलने खात्री अशी करायची. सुमारे अर्धा मीटर फरकाच्या दोन पक्क्या खुणा घ्या, दोन्ही लेव्हलपासून सारख्या अंतरावर, ६ मीटरच्या आसपास. लेव्हल तीन उंचींवर लावा: आधी दोन्ही वाचनं सर्वांत खालच्या तुकड्यात, मग फक्त मोठं वाचन पहिल्या सांध्याच्या वर, मग फक्त मोठं वाचन दुसऱ्याच्या वर. दर वेळी स्टाफ उचलून पुन्हा ठेवत दहा वाचनं घ्या आणि सरासरी काढा. आपल्याकडे ०.५०२१, ०.५०२७ आणि ०.५०३१ आले. पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा ०.६ मिमीने जास्त, तिसरा १.० ने (तेव्हा लहान वाचनही पहिल्या सांध्याच्या वर असतं, म्हणून १.६ नाही). पट्टीशी जुळलं!

आता लेव्हल बुक पुन्हा उघडायचं. पायऱ्यांवरच्या २० पैकी १८ सेटअपमध्ये बॅकसाइट २.०७ च्या वर आणि फोरसाइट १.०८ च्या खाली, उरलेल्या दोनांत बॅकसाइट फक्त पहिल्या सांध्याच्या वर. १८ गुणिले १.६ अधिक २ गुणिले ०.६, बरोबर ३०.० मिमी. पायऱ्यांची उंची ४८.१८३. रस्त्यावर १३ मीटरच्या साइट्स असल्याने जवळजवळ सगळी वाचनं १.१ ते २.० मध्ये, म्हणजे दोन्ही एकाच तुकड्यात, चूक आपोआप कटते. ६२ पैकी फक्त तीन सेटअप सांधा ओलांडतात, तिथले २ मिमी वजा: ४८.१७७. तफावत ६ मिमी.

त्या सहांतलाही मोठा वाटा तापमानाचा आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं. रस्त्याचं काम ऊन चढल्यावर झालं, तेव्हा स्टाफ सरासरी ४ अंशांनी गरम होता. तापलेला स्टाफ कमी वाचतो, ४८ मीटरला साडेचार मिलिमीटर कमी. ते जमा केले की रस्ता ४८.१८१ वर येतो. दोन वाटांत दोन मिलिमीटर. या आकड्यावर मन भरून समाधान आहे.

स्टाफचं काय करायचं? दुकानांत बटणं सुटी मिळत नाहीत, ‘नवा घ्या’ हेच उत्तर मिळतं. नवा घेतला तरी दुकानातच उभा करून, ठोकून, पट्टी लावून बघा. स्वस्त स्टाफमध्ये नव्या बटणालाही खेळ असतो. लेव्हलची दुर्बीण ३२ पट की २४ पट यावर आपण तावातावाने चर्चा करतो, पण ६ मीटरच्या साइटला त्याने काहीच फरक पडत नाही. पैसे स्टाफ आणि लाकडी ट्रायपॉडवर घालावेत.

ठरवलं होतं की ५० बाय २५ च्या ॲल्युमिनियम सेक्शनवर चिकटपट्टीची स्केल लावून २ मीटरचा एकसंध स्टाफ करायचा. ट्रायपॉड बुटका लावून रेषा १.२ मीटरवर आणली तर बॅकसाइट १.९, फोरसाइट ०.४, दर सेटअपला दीड मीटर चढ, म्हणजे ३२ सेटअप. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की पूर्ण चिकटवलेली पट्टी ॲल्युमिनियमबरोबरच ताणली जाणार, तापमानाचा प्रश्न तसाच. त्यापेक्षा इन्व्हार (तापमानाने जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) स्टाफमध्ये करतात तसं करावं: पट्टी फक्त तळाशी पक्की, वरच्या टोकाला स्प्रिंगचा ताण, मधे मोकळी. इन्व्हार परवडणार नाही, पण साधी स्टीलची टेपही ॲल्युमिनियमच्या निम्मीच वाढते, दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिमी. ताण किती द्यायचा ते टेपवर छापलेलं असतं, तेवढाच द्यायचा, आणि साध्या स्प्रिंग काट्याने मोजायचा. सेक्शन आता ५० बाय २५ ऐवजी यू आकाराचा लागेल, टेप आत बसेल असा. तळाला पोलादी बूट, कारण घासलेल्या दगडी पायरीवर ॲल्युमिनियमची कड झिजते. सीपीला (स्टाफ ठेवून लेव्हल पुढे हलवायच्या बिंदूला) पायरीची कड न घेता गोल माथ्याचा बोल्ट, आणि दर वेळी फडक्याने बूट पुसणं.

पायथ्याच्या टीबीएमची उंची सध्या १००.००० मीटर धरली आहे. तो जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्कला, म्हणजे समुद्रपातळीपासूनची उंची ठरलेल्या सरकारी खुणेला, जोडायचं काम नव्या स्टाफनेच होईल. १९०९ साली मुंबई, कारवार धरून नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीवर बसवलेल्या जाळ्याशी जोडायचं, तर १.६ मिमी खाली बसणारा सांधा घेऊन जायचं नाही. तोवर जुना स्टाफ वापरणाऱ्यांनी सपाटीवर खुशाल वापरावा, चढावर मात्र दोन्ही वाचनं एकाच तुकड्यात ठेवावीत. आपल्या स्टाफला त्यात ०.९ मीटरहून जास्त चढ एका सेटअपमध्ये मिळत नाही, पण त्या सेटअपवर विश्वास ठेवता येतो.