भाकरी खाऊन या

मे महिना म्हणजे आमच्या सोलापुरात नाकाचा महिना. पारा ४३ वर गेला की घोळणा फुटलेली पोरं माझ्या दवाखान्यात रांगेनं येतात. डोक्यावर ओला टॉवेल, मान मागं टाकलेली आणि बापाच्या हातात फोडलेला कांदा. मी आधी मान पुढं करायला लावते. नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा, श्वास तोंडानं घ्यायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मान मागं टाकली की रक्त घशातून पोटात जातं, आणि पोरगं तेच ओकलं की घरच्यांची बोबडी वळते. कांद्याचं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत अशी चार नाकं झाली होती. त्या गडबडीतच अक्का आल्या.

पन्नाशीच्या. राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तीसेक वर्षं बिड्या वळतात. सोबत मुलगी, तिच्या हातात कॅरीबॅगभर कागद. उजव्या जबड्याखाली गाठ, पाच महिने झाले. शेजारणीनं गालफुगी म्हणून लेप लावला होता. एका ठिकाणी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते, दुसऱ्या ठिकाणी गाठीची टीबी असेल म्हणून सुई घालून पाणी तपासलं, त्यात काही निघालं नव्हतं. मुलगी टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, आईचं तंबाखूचं काम आहे ना... ते तर नसंल?" ‘ते’ म्हणजे काय हे विचारावं लागत नाही.

मी मान चाचपली. जबड्याखालची लाळेची ग्रंथी जराशी टणक, बाकी काही नाही.

"अक्का, गाठ कुठंय?"

"आत्ता नाही की ओ. येतंय, जातंय."

येतंय, जातंय. इथं मी एकच शब्द विचारायला हवा होता : कधी? विचारला नाही. बाहेर पाचवं नाक रडत होतं. सोनोग्राफी लिहून दिली आणि पुढचा पेशंट घेतला. पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

दोनला हात धुवायला बाहेर आले, तर दोघी जिन्याखालच्या बाकड्यावर डबा उघडून बसलेल्या. तपासायला जायचं म्हणजे उपाशीपोटी, या समजुतीनं अक्का सकाळपासून चहावरच होत्या. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कैरीच्या लोणच्याची फोड. अक्का भिंतीकडं तोंड करून जेवत होत्या. मला आधी ते संकोचाचं वाटलं. तिसऱ्या घासाला लोणचं तोंडात गेलं आणि त्यांचा हात जबड्याखाली गेला. मी समोर जाऊन बसले. पाच मिनिटांत त्या जागी लिंबाएवढा फुगवटा आला, माझ्या डोळ्यांदेखत.

"रोज जेवताना येतंय?"

"जेवतानाच येतंय. म्हणून तर पोरांसमोर जेवत नाही मी."

हे पाच महिने त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, त्यात मीही आले.

जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ एका लांब नळीतून वर चढते आणि जिभेच्या लगामाशेजारी, म्हणजे जिभेखालच्या उभ्या पातळ पट्टीशेजारी, तोंडात उतरते. थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरनं १६५६ साली या नळीचं वर्णन केलं, नाव अजून त्याचंच आहे. नळी चढाची, लाळ दाट आणि क्षारांची; ते क्षार साचून खडा होतो. त्यामुळं लाळेचे दहातले आठ खडे याच ग्रंथीत सापडतात. एरवी लाळ खड्याच्या कडेनं पाझरत राहते. आंबट पुढ्यात आलं की ग्रंथी एकदम लाळ सोडते, वाट अडलेली असते आणि ग्रंथी फुगते. तास-दोन तासांत उतरते. डॉक्टरकडं जाईपर्यंत गाठ गायब.

अक्कांना तशाच खुर्चीत घेतलं. जीभ वर करायला लावून जिभेखाली कापसानं कोरडं केलं आणि जिभेवर लिंबाचे दोन थेंब टाकले. लगामाच्या डावीकडं लगेच स्वच्छ पाण्याचं तळं साचलं. उजवीकडं कोरडं ठाक. मग एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखालून वर. असं दोन्हीकडून चाचपत मागून पुढं आलं की कळतं. लगामापासून बोटाच्या पेरभर मागं तुरीच्या डाळीएवढं काहीतरी खरखरीत लागलं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडून फिल्म दातांत धरून एक्स-रे काढून आणला. पांढरा ठिपका, स्पष्ट. सोनोग्राफीही करून घेतली. ग्रंथीत आणखी खडा नव्हता, दुसरी कसली गाठही नव्हती.

संध्याकाळी जागेवरच भूल देऊन काढला. यात एकच गोष्ट विसरायची नसते. खड्याच्या मागं नळीभोवती आधी टाका घेऊन ती उचलून धरायची. शिकत असताना मी एकदा टाका न घेता चिमटा लावला होता आणि खडा सुळकन मागं ग्रंथीकडं पळाला. सर तेव्हा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. खडा पुढं होता हे अक्कांचं नशीब. मागं दाढांजवळ जिभेची नस या नळीखालून जाते, तिथं हात जपून चालवावा लागतो. नळीवर छेद घेतला, पिवळट खडा वर आला, त्यामागं पाच महिन्यांची दाट, गढूळ लाळ. छेद शिवायचा नाही, उघडाच ठेवायचा. लाळेला तेवढीच मोठी वाट मिळते.

खडा बाटलीत घालून दिला. अक्कांनी तो तळहातावर ओतून घेतला. "तांदळात असता तर कधीच निवडून टाकला असता," म्हणाल्या.

मुलीनं बोअरच्या पाण्याचं विचारलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून खड्याचं खापर बोअरवर फुटतंच. मी म्हटलं, पाणी कुठलं यापेक्षा किती पिता ते सांगा. तर दिवसभरात दोन पेले. सूप मांडीवर असताना सारखं उठलं तर हजार बिड्या व्हायच्या कधी? यावर माझ्याकडं औषध नव्हतं. बाटली सुपाशेजारी ठेवा, एवढंच सांगता आलं.

आठव्या दिवशीच्या कागदावर मी लिहिलं : ‘येताना डबा आणणे.’ अक्का आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून भाकरी मोडली, लोणच्याची फोड चोखली. आम्ही तिघी घड्याळाकडं बघत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. जबडा होता तसाच. मग अक्कांनी डबा माझ्याकडं सरकवला, आणि बाहेरून कंपाउंडर ओरडला, "मॅडम, नाक आलंय!"