दारात पेरूचं झाड आणि पोराला स्कर्व्ही

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्पिटलात डायटिशियन आहे. निम्मा दिवस शुगरच्या पेशंटशी भातावरून वाद घालण्यात जातो आणि लहान मुलांच्या वॉर्डातून बोलावणं आलं तर बहुतेक "वजन वाढत नाही" एवढंच असतं. ही केस वेगळी निघाली.

चार वर्षांचा मुलगा, चांगला पळणारा, हळूहळू चालायचाच बंद झाला. पाय दोन्हीकडे फाकवून बेडकासारखा पडून राहायचा, कोणी नुसतं पायाजवळ गेलं तरी किंचाळायचा. घरच्यांनी कुठंतरी पडला असेल म्हणून तेल लावून चोळलं, मग हाडाचे डॉक्टर झाले, मग संधिवाताच्या टेस्ट, त्यात हिमोग्लोबिन कमी आलं आणि कोणीतरी ब्लड कॅन्सरचं नाव काढलं, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आमच्या बालरोगाच्या मॅडमनी आधी त्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या जांभळ्या, सुजून दातांवर आलेल्या, कापूस टेकवला तरी रक्त. एक्सरे बघितला आणि मला म्हणाल्या, "हा काय खातो ते जरा खोदून विचार."

आईबाप दोघं कामाला, पोरगं दिवसभर आजीकडं, म्हणून आजींनाच विचारलं, काल सकाळी उठल्यापासून काय काय दिलं.

"खातंय की व्यवस्थित! दीड लिटर दूध पितंय."

सकाळी दूध-बिस्किट, दुपारी दूधभात, संध्याकाळी परत दूध-बिस्किट, रात्री दुधात कुस्करलेली चपाती. भाजी? थुंकून टाकतो. आंबट? "नाय बाई, आंबटानं खोकला धरतो." म्हणलं पेरू तरी? तर सून पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, "दारातच झाड आहे मॅडम, सगळे पोपट खातात." आजींनी लगेच तिच्याकडं बघितलं. पेरूनं सर्दी होते ना!

आता दूध वाईट नाही हो, कॅल्शियम आहे, बी-12 आहे, पण क जीवनसत्त्व अगदी नावाला, आणि जे असतं त्यातलंही बरंचसं उकळताना जातं. भात, चपाती, बिस्किटात तर नाहीच. कुत्र्या-मांजरांचं शरीर ते स्वतः तयार करतं, माणसाचं करत नाही आणि साठवून साठवून किती, काही महिन्यांत संपतं. मग बारीक रक्तवाहिन्या कच्च्या होतात, हाडाच्या आवरणाखाली रक्त साठतं, म्हणून त्या पोराला पाय टेकवत नव्हता. क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा हाच तो आजार, स्कर्व्ही. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं संत्री-लिंबं खायला देऊन याच आजाराचे खलाशी उभे केले होते! आणि इथं 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या पुढं क, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट, एवढ्याशा पोराची रोजची गरज चाळीसच्या आत. अर्धा पेरू पुरला असता.

क च्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत लोह. दोन-तीन दिवसांत रडणं एकदम कमी झालं, पायाला हात लावू द्यायला लागला. पुढची मारामारी खाण्याची. बिया काढून पेरूचा गर मीठ लावून बोटानं चाटवला, पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग माझंच बोट धरून ठेवलं. वरणभातावर लिंबू पिळायला सांगितलं, पण ताटात वाढल्यावर, गॅसवर उकळत्या वरणात नाही, तापवलं की क कमी होतं. आणि दूध अर्ध्या लिटरवर आणा म्हणलं, तेव्हा आजींचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या नातवाला उपाशीच ठेवायला सांगतेय. दुधानं पोट भरलेलं असलं तर पोरगं दुसरं खाणार कधी, हे त्यांना तीनतीनदा समजवावं लागलं.

नंतर दाखवायला आले तेव्हा आईचं बोट धरून स्वतः चालत आला, जरा फेंगडा पण चालत. आजींचं म्हणणं, गुण गोळ्यांनीच आला. पेरू देतात, पण दुपारी ऊन असतानाच.