पत्र्याखालचे तापमान

किनारपट्टीवरच्या ठिकाणी कमाल तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त भरले, की हवामान खाते सर्वसाधारणपणे उष्णतेची लाट आल्याचे जाहीर करते. मैदानी प्रदेशासाठी ही मर्यादा ४० अंशांची आहे. किनाऱ्याला वेगळा निकष लावला हे योग्यच झाले. तरीही कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांत, मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत सावलीला मोजलेल्या दुपारच्या आकड्यावर विसंबून या शहराचे आरोग्य सांभाळता येईल, असे मला वाटत नाही. मुंबईचा उन्हाळा माणसाला रात्री गाठतो, आणि तोही पत्र्याखाली.

शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर घाम अंगावरून नुसता ओघळत राहतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणूनच शास्त्रज्ञ तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मोजलेले तापमान महत्त्वाचे मानतात. हे ओले तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत पंख्याखाली स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे गणित पूर्वी मांडले गेले होते. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांची सहनशक्तीही याहून बऱ्याच कमी ओल्या तापमानाला संपत असल्याचे दिसून आले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि आपल्या शेजारचा अरबी समुद्र तर तापतोच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. एप्रिलमध्ये एवढा पारा चढला, तर विदर्भात कोणी फारसे मनावरही घेत नाही.

गेल्या मे महिन्यात गोवंडीच्या एका वस्तीत, ओळखीच्या एका मावशींकडे रात्री दहाच्या सुमारास गेले होते. वर पत्रा, पत्र्याखाली पोटमाळा आणि खाली शिवणयंत्र, गॅसची शेगडी व पाण्याची पिंपे, एवढे त्यांचे घर. मांडणीवरच्या स्टीलच्या डब्याला हात लावला तर तो कोमट लागला. पंखा चालू होता, पण तो खोलीतलीच तापलेली हवा फिरवत होता. दिवसभर तापलेला पत्रा तसा लवकर निवतो. पण शेजारच्या विटांच्या भिंती, काँक्रीटची गल्ली आणि एकमेकांना चिकटलेली घरे रात्रभर उष्णता सोडत राहतात, आणि गल्ली इतकी अरुंद की वारा आत शिरायला जागाच नाही. मावशींचे यजमान रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. त्यांतल्या एका गोळीने लघवी जास्त होते, म्हणजे अंगातले पाणी आणखी कमी होते, आणि उन्हाळ्यात ती गोळी डॉक्टरांना विचारून कमी-जास्त करावी लागू शकते, हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

मी त्यांना सवयीने म्हटले, की पाणी भरपूर प्या. त्यावर मावशी म्हणाल्या, “पाणी प्यायचं तर मग रात्री संडासला जायचं कुठं? तिथं दिवा नाही, पैसे द्यावे लागतात ते वेगळंच.” वस्तीतल्या बायका संध्याकाळनंतर मुद्दाम पाणी कमी पितात, हे मुंबईत काम करणाऱ्या कोणत्याही आरोग्य स्वयंसेविकेला ठाऊक असते. उन्हाळ्यात हीच सवय मूत्रमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण देते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. म्हणून सार्वजनिक शौचालयात दिवा असणे, आत पाणी असणे आणि ते रात्री विनामूल्य खुले असणे, हे उष्माघात टाळण्याचेच काम आहे, असे मी मानते. भित्तिपत्रकावर जलसंजीवनीच्या पुड्याचे चित्र छापणे त्यामानाने फार सोपे आहे. पाण्याचेही तसेच. नळाला ठरावीक वेळेपुरतेच पाणी येत असल्यामुळे पिंपे भरून ठेवावी लागतात आणि झाकण नीट बसले नाही तर त्यांतच डेंग्यूच्या डासाची पैदास होते.

या उन्हाळ्याने किती माणसे नेली, हे मात्र आपल्याला कळत नाही, कारण मृत्यूच्या दाखल्यावर उष्णतेचे नाव क्वचितच येते. तापलेले रक्त त्वचेकडे वळवण्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते, ते थकते, आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या वर्षातल्या मे महिन्याशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे असल्याचे आढळले. त्या धक्क्यातून तिथल्या महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या मदतीने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. पूर्वसूचना, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, छतांना पांढरा रंग, अशी त्यातली कामे साधीच होती. परंतु नंतरच्या अभ्यासाने त्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळत असल्याचा अंदाज मांडला. अहमदाबादची हवा कोरडी आहे, आपले दुखणे वेगळे आहे, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर कराचीकडे पाहावे. त्याच अरबी समुद्राच्या काठी वसलेल्या या शहरात जून २०१५ च्या लाटेत हजाराहून अधिक माणसे दगावली.

मुंबईला हे जमणार नाही, असे मी मुळीच मानत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यामागोमाग लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली. त्यातून या शहराने धडा घेतला. आज रस्त्यांवर पाणी तुंबले, की त्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, असे महापालिका आवर्जून सांगते आणि दवाखान्यांत त्या मिळतातही. पावसाचे पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. रात्रीच्या दमट उष्णतेसाठी अशी हाताशी असलेली व्यवस्था अजून मला वस्तीपातळीवर दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने मुंबई हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. पण २०५० पर्यंतचे उन्हाळे मावशींना त्याच खोलीत काढायचे आहेत.

माझी मागणी मोठी नाही. गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या काही घरांत पत्र्याखाली तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे बसवावीत आणि इशारा देताना रात्रीचे आकडे विचारात घ्यावेत. आरोग्य स्वयंसेविकांकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांची यादी मार्च उजाडण्यापूर्वी तयार असावी, आणि या जास्तीच्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. इशाऱ्याच्या रात्री महापालिका शाळांची सभागृहे झोपण्यासाठी उघडावीत, तिथे बायकांसाठी वेगळी सोय असावी. शहरात रोज होणाऱ्या मृत्यूंची नोंद महापालिकेकडे होतच असते; ती दर उन्हाळ्यात दिवसागणिक तापमानाशी ताडून पाहावी आणि विभागवार प्रसिद्ध करावी.