पावसाळ्यात दार अडलं की

आमच्या रत्नागिरीच्या घरी जुलै लागला की मागच्या दाराचं कुलूप 'बिघडतं'. कुलूप ठणठणीतच असतं. दमट हवेने लाकूड फुगतं, दार जरा खाली बसतं आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात जाईनाशी होते. दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा. सहज फिरली तर कुलपाला हात लावू नका. जिभेला ओलं कुंकू लावून दार लोटा आणि चावी फिरवा. पट्टीवर लाल डाग उमटेल तिथेच ती अडतेय. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. तेवढ्याने भागलं नाही, तर भोकाची ती कड कानशीने घासा. केसभर पुरतं.

चावीच अडत असेल तर आई खोबरेलाची बाटली घेऊन येते. तिला थांबवणं हे माझं मुख्य काम! तेलाला धूळ चिकटते, आतल्या पिना जाम होतात. त्यापेक्षा ४बी, म्हणजे मऊ शिशाची, पेन्सिल चावीच्या खाचांवर घासायची आणि चावी आत-बाहेर करायची.

सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो कुलपाचा भाग, झिजला असेल तरी अख्खं कुलूप बदलू नका. दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढून चावी किंचित फिरवून धरली की सिलिंडर सरकून बाहेर येतो. तोच घेऊन दुकानात जा, तोंडी मापं सांगत बसू नका.