टेक्स्टबॉक्स बदलला, पण डिझायनर ऐकेना : माझा अनुभव

विनफॉर्म्समधलं, म्हणजे डॉटनेटच्या विंडोज फॉर्ममध्ये बांधलेलं, जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर. रकमेच्या प्रत्येक चौकटीला साधा टेक्स्टबॉक्स आणि प्रत्येक फॉर्ममध्ये 'फक्त आकडे येऊ दे' हाच की-प्रेसचा कोड चिकटवलेला. त्याजागी टेक्स्टबॉक्सपासून डिराइव्ह केलेला, म्हणजे त्याचं सगळं घेऊन वर आपली भर घालणारा, एकच 'रक्कमबॉक्स' बसवायचा होता. क्लास लिहायला एक दुपार पुरली. बाकीचे दिवस डिझायनरनं, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओतल्या फॉर्म मांडायच्या खिडकीनं, खाल्ले. त्यामागचं कारण मला एका जागी नीट मांडलेलं कुठे सापडलं नाही, याची चीड अजून गेलेली नाही. म्हणून आधी तेच लिहितो.

रक्कम उजवीकडे टेकलेली हवी, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (कंट्रोल तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) टेक्स्टअलाइन राइट केलं आणि मॅक्सलेंग्थ, म्हणजे अक्षरांची मर्यादा, १२. चालवून पाहिलं, सगळं ठीक. मग एका फॉर्मवरचं लेबल जरा सरकवलं, सेव्ह केलं आणि गिटमध्ये डिफ (बदललेल्या ओळींची यादी) उघडला. बदल एका ओळीचा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात त्या फॉर्मवरच्या प्रत्येक रक्कमबॉक्सच्या नावानं दोन-दोन नव्या ओळी डिझायनर फाइलमध्ये (डिझायनर स्वतः लिहितो त्या कोडमध्ये) येऊन बसल्या होत्या: टेक्स्टअलाइन राइट, मॅक्सलेंग्थ १२.

डिझायनर सेव्ह करताना प्रत्येक प्रॉपर्टीची आत्ताची किंमत तिच्या जाहीर केलेल्या डिफॉल्टशी ताडून बघतो आणि वेगळी असेल तरच ओळ लिहितो. टेक्स्टबॉक्सच्या मूळ क्लासमध्ये मॅक्सलेंग्थचा डिफॉल्ट ३२७६७ आहे आणि टेक्स्टअलाइनचा लेफ्ट. माझ्या कन्स्ट्रक्टरनं काय ठरवलंय याच्याशी डिझायनरला देणंघेणं नाही. त्याच्या दृष्टीनं १२ म्हणजे मी त्या फॉर्मवर हातानं घातलेला आकडा.

नुसत्या ओळी वाढल्या असत्या तर सोडून दिलं असतं. पुढे मर्यादा १२ वरून १५ करायची वेळ आली. क्लासमध्ये बदल केला, पण मधल्या काळात उघडून सेव्ह झालेले सगळे फॉर्म १२ वरच अडून राहिले. कारण कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि डिझायनर फाइलच्या इनिशियलाइझ-कंपोनंट या मेथडमधल्या ओळी त्यानंतर, म्हणजे शेवटचा शब्द फॉर्मचा. एका जागी बदललं की सगळीकडे बदलावं यासाठी तर डिराइव्ह केलेला क्लास करायचा. तोच हेतू इथे मोडतो, आणि कंपायलर एका शब्दानं सावध करत नाही.

याची उलटी बाजू आणखी छळते. एका फॉर्मवर रक्कम डावीकडे हवी होती. प्रॉपर्टी खिडकीत लेफ्ट केलं, सेव्ह केलं, फॉर्म पुन्हा उघडला तर परत राइट. लेफ्ट हा मूळ डिफॉल्ट असल्यामुळे ओळ लिहिलीच जात नाही, आणि उघडताना कन्स्ट्रक्टर राइट करून मोकळा होतो. असं तीनदा झाल्यावर माणूस व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडत बसतो. त्याचा काही उपयोग नाही.

उपाय असा. कन्स्ट्रक्टरमध्ये जी प्रॉपर्टी बदलाल, तिचा डिफॉल्टही आपल्या क्लासमध्ये नव्यानं जाहीर करा. मॅक्सलेंग्थ व्हर्च्युअल आहे, म्हणजे आपल्या क्लासमध्ये बदलून लिहिता येते, ती ओव्हरराइड करून वर डिफॉल्टव्हॅल्यू १२ लावायचं. टेक्स्टअलाइन व्हर्च्युअल नाही, तिथे न्यू लिहून तीच प्रॉपर्टी झाकायची, आत बेसकडेच (मूळ क्लासकडेच) पाठवायचं आणि डिफॉल्टव्हॅल्यू राइट द्यायचं. डिफॉल्टव्हॅल्यू हे ॲट्रिब्यूट किंमत बसवत नाही, डिफॉल्ट काय आहे एवढंच डिझायनरला कळवतं. म्हणून कन्स्ट्रक्टरमधली ओळ काढू नका, दोन्ही लागतात.

रंगासाठी ॲट्रिब्यूटमध्ये प्रकार आणि मजकूर द्यावा लागतो: टाइपऑफ कलर आणि '२५५, २५५, २२४' (आकडे अर्थात इंग्रजीत). फॉन्ट पालक फॉर्मकडून येतो, त्यामुळे तिथे ॲट्रिब्यूटनं भागत नाही. फॉन्ट प्रॉपर्टी ओव्हरराइड करून त्याच क्लासमध्ये शुडसीरियलाइझफॉन्ट (ओळ लिहायची का) आणि रीसेटफॉन्ट (मूळ किंमतीवर परत नेणारी) या मेथड लिहायच्या. एकाच प्रॉपर्टीला ॲट्रिब्यूट आणि शुडसीरियलाइझ दोन्ही लावू नयेत.

रक्कमबॉक्सला मी 'रक्कम' नावाची डेसिमल प्रॉपर्टीही दिली होती. प्रत्येक फॉर्मच्या डिझायनर फाइलमध्ये तिची ओळ 'न्यू डेसिमल' आणि पुढे चार शून्यांचा इंट ॲरे अशी उमटली. ही किंमत चालू असतानाच भरायची असते, म्हणून तिला डिझायनर-सीरियलायझेशन-व्हिजिबिलिटी हिडन, म्हणजे 'हिची ओळ लिहू नको', लावलं. डॉटनेट ९ पासून अशा पब्लिक प्रॉपर्टीबद्दल काहीच सांगितलं नसेल तर डब्ल्यूएफओ१००० ही एररच येते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी सगळे डिफॉल्ट जाहीर, मग फॉर्मवर टेक्स्टबॉक्सच्या जागी रक्कमबॉक्स अशी अदलाबदल. मी उलटं केलं आणि जुन्या १२ च्या ओळी रेजेक्सनं (मजकुराचा साचा देऊन) शोधून काढत बसावं लागलं. फॉर्म उघडून सेव्ह केल्यानं त्या जात नाहीत, कारण आता डिफॉल्ट १५ आहे आणि १२ खरोखरच वेगळा आहे.

अदलाबदल सोपी आहे. डिझायनरच्या सगळ्या खिडक्या बंद करा, गिटमध्ये कमिट करा. प्रत्येक कंट्रोल डिझायनर फाइलमध्ये दोन जागी असतो: इनिशियलाइझ-कंपोनंटमध्ये न्यूच्या पुढे आणि तळाशी डिक्लेरेशनमध्ये. पूर्ण नावानं, म्हणजे सिस्टिम डॉट विंडोज डॉट फॉर्म्सपासून, 'होल वर्ड' लावून बदला. नुसतं टेक्स्टबॉक्स शोधलंत तर रिचटेक्स्टबॉक्स, मास्क्डटेक्स्टबॉक्स आणि डेटाग्रिडव्ह्यू-टेक्स्टबॉक्स-कॉलमही तावडीत सापडतात. नाव, पत्ता, शेऱ्याच्या चौकटी साध्याच राहायला हव्यात, म्हणून सरसकट 'रिप्लेस ऑल' नको. मग पूर्ण रीबिल्ड करा आणि त्यानंतरच फॉर्म उघडा.

क्लास पब्लिक हवा आणि पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हवा. तो कन्स्ट्रक्टर डिझायनरमध्येही चालतो, त्यामुळे त्यात डेटाबेसला हात लावलात की फॉर्मऐवजी एररचं पान दिसतं. आपण डिझायनरमध्ये आहोत का हे सांगणारी 'डिझाइनमोड' प्रॉपर्टी तपासून सुटका होत नाही. कन्स्ट्रक्टर चालताना साइट (कंट्रोलचा डिझायनरशी दुवा) जोडलेली नसते, म्हणून तिथे ते नेहमी फॉल्सच येतं. लायसन्समॅनेजरचा यूसेजमोड तपासा. आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ हा ६४-बिट आहे, तेव्हा डॉटनेट फ्रेमवर्कवरचं कंट्रोलचं प्रोजेक्ट 'एक्स८६' (३२-बिट) वर असेल तर नेहमीचा डिझायनर ते उचलत नाही. 'एनी सीपीयू' करा.

की-प्रेससाठी कन्स्ट्रक्टरमध्ये इव्हेंट जोडू नका, ऑनकीप्रेस ओव्हरराइड करा आणि बेसला कॉल करायला विसरू नका. तो राहिला तर फॉर्मवरचे जुने की-प्रेस हँडलर गुपचूप बंद पडतात.

आकडे तपासायला कॅर डॉट इझडिजिट वापरू नका, हे आपल्याकडच्या प्रोग्रॅमरना मुद्दाम सांगतो. मराठी कीबोर्ड चालू असताना आलेला ५ त्याला आकडाच वाटतो आणि आत जातो, पण मजकुराची संख्या करणारा डेसिमल डॉट ट्रायपार्स फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि फॉल्स देतो. वापरणाऱ्याला चौकटीत धडधडीत ५०० दिसत असतात आणि सॉफ्टवेअर म्हणतं रक्कम चुकीची. मी असा अंक अडवत नाही. कॅरयुनिकोडइन्फोच्या गेटडेसिमलडिजिटव्हॅल्यूनं त्याचा इंग्रजी अंक करून पुढे पाठवतो. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवेत तर नंबरफॉरमॅटइन्फोची प्रत काढून नंबरग्रुपसाइझेस ३, २ ठेवा, म्हणजे १२,३४,५६७ असं दिसतं.

राहिला पेस्ट. उजव्या क्लिकवरून चिकटवलेला मजकूर की-प्रेसमध्ये येतच नाही, तेव्हा वंडप्रॉकमध्ये (विंडोजचे संदेश येतात त्या मेथडमध्ये) डब्ल्यूएम_पेस्ट हा संदेश, म्हणजे हेक्स ०३०२, पकडावा लागतो. क्लिपबोर्डचा मजकूर गाळून आत टाकताना सिलेक्टेडटेक्स्ट वापरलंत तर कंट्रोल-झेड मरतं. टेक्स्टबॉक्सची मजकूर घेणारी पेस्ट मेथड वापरा, ती अनडू राखते. कोडमधून घातलेल्या मजकुराला मॅक्सलेंग्थ अडवत नाही. लांबी आपणच मोजून कापायची, आणि मोजताना निवडलेला जुना भाग वजा करायचा.